उभं माप

"आधी गाडीवर बसा, ताई. कपडा मग बघू," फिरोजभाई म्हणाले आणि दुकानाच्या मधोमध स्टँडवर लावलेल्या जुन्या मोटारसायकलकडं त्यांनी बोट दाखवलं.

सारिकानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कपड्याच्या दुकानात गाडीवर कशाला बसायचं, हे मलाही कळलं नव्हतं. पण पाटणहून कराडला एसटीनं उभ्यानं आलो होतो, तेव्हा म्हटलं, बघू तरी हा बाबा काय तमाशा करतो ते.

सारिकानं घातलेली ती काळी पॅन्ट खास मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांसाठी बेतलेली होती. कापड असं जाड, की माझी साधी सुई त्यात मोडलीच असती. दोन्ही गुडघ्यांना आतून खिसे, आणि खिशात कासवाच्या पाठीसारखी टणक पॅडं. ती गाडीवर बसली. फिरोजभाई खाली उकिडवे बसले आणि हातातल्या फूटपट्टीनं तिच्या गुडघ्यावर टकटक केलं.

"बघा. पॅड बरोबर वाटीवर आलंय. आता उतरा."

ती उतरली. उतरल्याबरोबर पॅड खाली नडगीकडं घसरलं आणि पायाचं कापड बुटावर गोळा झालं.

"अगं बाई, ही तर लांब होतीय," मी म्हटलं.

"लांबच पाहिजे. उभ्यानं कोण गाडी चालवतं, मावशी? गुडघा वाकला की कापड वर चढतं, पॅड जागेवर येतं. या कपड्याचं माप बसूनच बघायचं असतं."

झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं मी कापड कापत होते. पाटणात 'शालन लेडीज टेलर्स' म्हटलं की रिक्षावाला न विचारता दारात आणून सोडायचा. आजूबाजूच्या पंधरा गावांतल्या पोरींची लग्नं माझ्या ब्लाउजांवर लागलेली. आणि हा मला माप शिकवणार! तसा माणूस वाईट नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही धड.

"किंमत?" मी विचारलं.

"नऊ हजार आठशे."

सारिकाचा चेहरा पडला. ती पॅन्टीवरून हात फिरवत राहिली. पॅन्ट तिच्या मनात भरली होती, पण एवढे पैसे काढायची तिची छाती नव्हती.

सारिका म्हणजे माझ्या शेजारच्या घाडगे आण्णांची सून. पशुधन पर्यवेक्षक. सोप्या भाषेत सांगायचं तर गुरांना लस टोचायची, गाई भरवायच्या, अडलेली वेतं सोडवायची. नेमणूक वरच्या डोंगरातल्या गावात, पाटणपासून अठ्ठावीस किलोमीटर. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. औषधाची पेटी आणि गाई भरवायच्या कांड्या गार ठेवायचं नायट्रोजनचं भांडं घेऊन स्कूटी त्या दगडी रस्त्यानं चढायची नाही, म्हणून पोरीनं मोटारसायकल घेतली होती. नवरा पुण्यात कंपनीत, त्याची काही हरकत नव्हती. पण आण्णांनी पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर गाडीला नारळ फोडला आणि तिथंच सांगून टाकलं, "सूनबाई, एकदा पडलीस की गाडी विकली. मग नोकरीचं तुझं तू बघ."

ती आधीच एकदा पडली होती. हे फक्त मला ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी तिची सलवार गुडघ्यावर फाटली, ती तिनं माझ्याकडून गुपचूप रफू करून घेतली होती. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. त्यानंतर तिच्या मनानं घेतलं, की आता नीट पॅन्ट घ्यायची. "काकू, पुढच्या वेळी खरचटलेलं झाकता यायचं नाही. आणि नोकरी गेली, तर मी चुलीपुढंच बसायची. तुम्ही चला बरोबर, कापडातलं तुम्हाला कळतं." असं म्हणून ती मला कराडला घेऊन आली होती.

"दुसरी दाखवा," मी फिरोजभाईंना म्हटलं.

त्यांनी भिंतीवरची एक काढली. चार हजार सहाशे. पण ती पुरुषांची होती. सारिकानं घातली, तर कमरेत दोन मुठी जात होत्या, मांडीत घट्ट, आणि लांबीला अशी, की पाय कुठं संपतोय कळेना. गाडीवर बसल्यावरसुद्धा पॅड जरा खालीच राहिलं.

"ही नको, ताई," फिरोजभाई म्हणाले. "पुरुषांची घडण वेगळी. ही घेण्यापेक्षा असं करा, गुडघ्याला बांधायची सुटी पॅडं येतात. नऊशे रुपये जोडी. साध्या जीन्सच्या आतनं बांधा. पट्ट्या घट्ट ओढायच्या, हलत नाहीत. पैसे साठले की मग ही बायकांची घ्या. मी बाजूला ठेवतो वाटलं तर."

आता बघा. नऊशे रुपयांत पोरीचा गुडघा वाचला असता. तो माणूस दुकानदार असून स्वस्तातली वस्तू दाखवत होता. आणि मी काय म्हटलं?

"पट्ट्या बांधून जायला ती काय बैल आहे? हीच पुरुषांची द्या. मी बसवते हिला. अर्ध्या किमतीत नऊ हजाराची दिसंल अशी बसवते."

"मावशी, कमर आवळा, मांडीत कापड घाला. पण गुडघ्याच्या खिशाला हात लावू नका," फिरोजभाई म्हणाले. "आणि आवळताना ताईंना गाडीवर बसवून बघा."

"बघते, बघते," मी म्हटलं.

परतताना एसटीत सारिका पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मधेच म्हणाली, "काकू, तुम्ही होता म्हणून. नाहीतर मी मेली नऊ हजार घालून आले असते."

मी काय फुगले त्या दिवशी! आपला हात जगन्नाथ, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली. बरोबर तिची सासू, वत्सलावहिनी. वहिनी दारातल्या बाकावर शेंगा फोडत बसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. तोंडानं मात्र फाटक्या, मनात आलं की बोलून मोकळ्या. सारिका आतून पॅन्ट घालून आली आणि वहिनींनी शेंगा खाली ठेवून टाळी वाजवली.

"अगं आई गं! हे काय ध्यान! नडगीला उशी बांधलीय जणू. शालन, तू बसवणार म्हणालीस न्हवं? गावात ही अशी चालत निघाली तर कुत्री भुंकतील."

सारिका हसली. मला मात्र ते लागलं. दुकानात आणखी दोघी होत्या, त्याही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझ्या हातचं कापड अंगावर आणि लोक हसतायत, असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

"थांबा, आत्ता बघा," मी म्हटलं आणि खडू घेतला.

कमर आवळली. मांडीला दोन्ही बाजूंनी पट्टी घालायची खूण केली. लांबी तीन इंच कमी. इथपर्यंत ठीक होतं. मग मी गुडघ्यापाशी बसले. पॅड चांगलं चार बोटं खाली लोंबत होतं. मी वरती, नेमकी वाटीवर, खडूची रेघ ओढली.

सारिका म्हणाली, "काकू, ते म्हणत होते बसून बघा. माझी गाडी दारातच आहे. मी बसते, मग खूण करा."

"उभी राहा सरळ," मी म्हटलं.

"पण काकू…"

"बसून माप घेणारा शिंपी बघितलायस का कुठं? उभं माप खरं, बसलं माप खोटं. बसलेलं माणूस दोन इंचांनी फसवतं. मारुतीमास्तरांनी शिकवलंय मला, ज्यांनी तुझ्या सासूच्या लग्नाचे कपडे शिवले."

हे मास्तर माझे गुरू. त्यांचं हे वाक्य ब्लाउजाला खरं, परकराला खरं, शाळेच्या गणवेशाला खरं. पण गाडीवर बसायच्या कपड्याला ते लावायचं नसतं, एवढी अक्कल मास्तरांनी दिली नव्हती आणि मी स्वतः वापरली नाही. मला पोरगी उभी दिसत होती, तिच्या सासूचं हसणं ऐकू येत होतं, आणि दुकानातल्या त्या दोघी.

सारिका आणखी एकदा म्हणाली, "एकदाच बसून बघू का?"

"तुला माझ्यावर भरवसा नसेल तर घेऊन जा ती पॅन्ट त्या फिरोजकडं," मी म्हटलं.

मग ती सरळ उभी राहिली. भरवसा होता तिचा. तोच तर नडला.

दोन दिवस लागले मला. मोठ्या मशिनची सुई आणली, जाड दोरा आणला. खिसे उसवले आणि चार बोटं वर नेऊन शिवले. पॅन्ट अशी बसली, की वहिनींनी स्वतः येऊन गल्लीत दोन-चार जणींना दाखवली. सारिका आरशात पुढून मागून बघत होती. पॅड बरोबर गुडघ्यावर. उभी होती ना ती.

तीन आठवडे ती घालून गेली. एकदा म्हणाली होती, "काकू, बसलं की पॅड जरा मांडीवर चढतंय का?" मी म्हटलं, "नवं कापड आहे, अंगाला बसायला वेळ लागतो." उत्तरं तर काय, माझ्या जिभेवर तयारच असायची.

साखर कारखान्याचा सीझन होता. वरच्या गावातून उसाच्या ट्रॉल्या उतरायच्या आणि वळणावळणावर पाचट सांडलेलं. सारिका एका गाईचं वेत सोडवून परत येत होती. वळणावर समोरून ट्रॉली, तिनं ब्रेक दाबला, पाचटावर चाक सरकलं. वेग वीससुद्धा नसेल. गाडी आडवी झाली आणि ती डाव्या गुडघ्यावर आपटली. हेल्मेटला ओरखडा नाही, हाताला ओरखडा नाही. गुडघ्याच्या वाटीचे मात्र पाच तुकडे.

कराडच्या दवाखान्यात मी वहिनींबरोबर गेले होते. आण्णा बाहेर बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसलेले. डॉक्टर तरुण होते. एक्स-रेचा फोटो बघून म्हणाले, "एवढ्या कमी वेगात असं व्हायला नको होतं. गुडघ्याला पॅड नव्हतं का?"

"होतं," सारिका म्हणाली. इंजेक्शनच्या गुंगीत अर्धी, पण तेवढं तिनं स्पष्ट सांगितलं.

"मग जागेवर नसणार. जागेवर असतं तर उठून घरी गेला असता तुम्ही."

नर्स पॅन्ट कात्रीनं कापणार होती. सारिकानं कापू दिली नाही, बाजूची चेन उघडून काढून घेतली होती. वहिनींनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "शालन, एवढी घेऊन जा. धुऊन ठेव. मला रक्त बघवत नाही."

दवाखान्याच्या जिन्यातच मी पिशवी उघडली. गुडघ्याचं कापड घासून आरपार गेलं होतं. आणि त्याच्या वर, चांगलं चार बोटांवर, पॅड. नव्यासारखं. एक चरासुद्धा नाही त्याच्यावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. कुणी सांगायची गरजच नव्हती. माझी शिलाई मला ओळखू येत नाही होय?

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तर खोलीत ती एकटीच होती.

"काकू, पॅन्ट तुमच्याकडं आहे ना?"

"आहे."

"बघितली?"

मी मान खाली घातली. ती समजली. मला वाटलं आता बोलेल, चार शिव्या देईल, द्याव्यात तिनं. पण तिनं माझा हात धरला.

"मला तुमच्यावर राग नाही. चूक होते माणसाकडनं. पण आण्णा गाडी विकायला निघालेत. म्हणतात, एवढं सगळं घालूनसुद्धा ही दशा, म्हणजे गाडी बाईमाणसाच्या कामाची नाही. डॉक्टर म्हणालेत, तीन महिने रोज व्यायाम केला तर वर्षात मी गाडीवर बसेन. काकू, तुम्ही आण्णांना एवढंच सांगा, की पॅड वर गेलं होतं. माझं चालवणं चुकलं नाही, माप चुकलं. माझं ते ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं.

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना, पोरी."

आणि खरंच सांगणार होते. देवाशपथ सांगते, त्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

घरी आले. पॅन्ट धुतली, वाळत घातली. वाळल्यावर मांडीवर घेऊन बसले. आणि मग माझ्या हातांनी काय केलं, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी खिसे उसवले. पॅडं खाली आणली, कंपनीच्या जुन्या शिलाईवर, जिथली तिथं. गुडघ्याच्या भोकावर तसंच काळं जाड कापड लावून ठिगळ मारलं. करताना स्वतःशी म्हणत होते, की पोरगी पुढं घालेल, तेव्हा तरी नीट असावी. खोटं. मला ती चूक डोळ्यांसमोर नको होती, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आण्णा स्वतः दुकानात आले. वीस वर्षांत ते कधी माझ्या दुकानाची पायरी चढले नव्हते. लग्नसराई तोंडावर आलेली. बाकावर चार बायका, त्यात एका नवरीची आई, तिचे चौदा ब्लाउज माझ्याकडं टाकलेले. आण्णांना मी खुर्ची दिली. ते बसले, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरली.

"शालन, तुला एक विचारायचंय. खरं सांग."

"विचारा की, आण्णा."

"डॉक्टर म्हणतो, पॅड जागेवर असतं तर पोरगी उठून घरी आली असती. सूनबाई म्हणते, पॅड जागेवर नव्हतं. शालनकाकूंना विचारा, म्हणते. मला त्यातलं कळत नाही. मी विचार केलाय. पॅन्टीत खोट असली तर दुसरी घेऊ. चांगली, दहा हजाराची घेऊ, माझी म्हैस विकून घेऊ. गाडी राहू दे, नोकरी राहू दे. पण पॅन्ट बरोबर असून जर ही गत झाली असंल, तर मग गाडी नको. माझ्या घरातली लक्ष्मी आहे ती. आता तू सांग."

चारही बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. नवरीची आई तर पुढं सरकून बसली.

सांगायला काय लागत होतं? 'माझं चुकलं, आण्णा.' तीन शब्द. ते माझ्या गळ्यापर्यंत आले होते. मग मला दिसलं, की हे चार शब्द होतील, चाळीस होतील, संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचतील. शालननं माप चुकवलं, पोरगी लंगडी केली. चौदा ब्लाउज उठून दुसऱ्या दुकानात जातील.

"वीस वर्षांत माझ्या हातून माप चुकलं नाही, आण्णा," मी म्हटलं. "इथं बसल्यात त्यांना विचारा."

"शालनच्या हाताला खोट नाही, आण्णा," नवरीची आई म्हणाली. "उगाच नाव घेऊ नका."

मी आत गेले, पॅन्ट आणली आणि त्यांच्यापुढं धरली. "हे बघा पॅड. जागच्या जागी."

आण्णांनी जाड बोटांनी पॅड चाचपलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी घाबरून बोलली. बोलू दे. जीव वाचला हे काय कमी आहे." आणि काठी टेकत उतरून गेले. जाताना पॅन्ट काखेत घेऊन गेले.

रविवारी गाडी विकली. तळमावल्याचा एकजण येऊन घेऊन गेला. मी खिडकीतून बघितलं.

पुढचं सगळं त्याच्या मागून आलं. गाडी नाही म्हटल्यावर नोकरीवर जायचं कसं? बदलीचा अर्ज केला, तो वरती कुठंतरी पडून राहिला. राजीनामा दिला. कराडला रोज व्यायामाला न्यायचं होतं, ते महिनाभर नेलं. मग वहिनी म्हणाल्या, "आता कुठं डोंगर चढायचाय हिला? घरातल्या घरात हिंडतीय तेवढं पुरं." व्यायाम बंद पडला आणि गुडघा आखडला तो आखडलाच. सारिका माझ्या दुकानापुढून जायची, एक पाय काठीसारखा पुढं टाकत. माझ्याकडं बघायची नाही. ब्लाउज ती कराडहून शिवून आणायला लागली. वहिनींना ते कळेना. "शालनसारखी टेलर शेजारी असताना कराडला कशाला जातीस," म्हणून तिला बोलायच्या. माझ्यासमोरच बोलायच्या.

चार वर्षांनी एका दुपारी ती दुकानात आली. मी एकटीच होते. तिनं मशिनवर ती पॅन्ट ठेवली.

"पिशव्या शिवायच्यात. भाजीसाठी. दोन पायांच्या दोन होतील. कापड चांगलं आहे, फाटायचं नाही."

"ये, बस ना," मी म्हटलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

"उभीच बरी." तिनं पॅन्ट उलटी केली आणि गुडघ्याची बाजू माझ्यापुढं पसरली. नखानं एकेक रेघ दाखवत गेली. "ही वरची भोकं, तुम्ही पॅड वर नेलं तेव्हाची. ही खालची कंपनीची. आणि खालच्यातच ही दुसरी सुई गेलीय, परत खाली आणलं तेव्हाची. जाड कापडात सुईची भोकं बुजत नाहीत, काकू."

"कधी बघितलीस?"

"त्याच आठवड्यात. दवाखान्यातनं घरी आले त्या दिवशी."

"मग आण्णांना का नाही दाखवलीस?"

"दाखवली की." ती माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "पुढं धरून दाखवली. ते म्हणाले, पोरी, भोकं काय, कशाचीही असतील. शालन खोटं बोलायची नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "चुकलं माझं, सारिका," मी म्हटलं.

"मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं. आण्णा तर गेले गेल्या वर्षी."

मग मी काय करणार? टेप उचलला. पिशवीचा पट्टा किती ठेवायचा ते बघायला उठले. ती ताठ उभी राहिली, हात खाली सोडून.

"घ्या माप. उभ्यानंच घ्या, काकू. गुडघा वाकत नाही, त्यामुळं आता माझं उभं माप खरंच येतं."

मी खांद्यापासून हातापर्यंत टेप लावला आणि आकडा वहीत लिहिला. ती दुकानाच्या दोन पायऱ्या आडवी होऊन उतरली, आधी आखडलेला पाय, मग चांगला. मी धरायला पुढं झाले, तर तिनं नुसता हात वर केला.

पिशव्या दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. न्यायला ती आली नाही, वत्सलावहिनी आल्या. त्यांनी पिशवी उलटीसुलटी करून बघितली, पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, आणि म्हणाल्या, "काही म्हण शालन, तुझ्या हाताला खोट नाही."

त्या दिवशीही मी गप्पच बसले.